घटक ७ : घटता महसूल आणि पायाभूत सुविधांचे स्थानिक नियोजन

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• स्थानिक स्वराज्य संस्थांचे उत्पन्न कोणत्या कारणांनी घटते, हे सांगता येईल.
• उत्पन्नातील घटीचा भार भांडवली कामांवर व देखभालीवर अधिक का पडतो, हे उदाहरणासह स्पष्ट करता येईल.
• 'दायित्व' ही संकल्पना व तिचे नियोजनातील महत्त्व विशद करता येईल.
• टंचाईच्या काळात कामांचा अग्रक्रम कसा ठरवावा, याचे विवेचन करता येईल.
• कर्ज, कर्जरोखे व शासकीय अनुदान या पर्यायांचे गुणदोष तपासता येतील.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अंदाजपत्रकाची रचना अभ्यासली. अंदाजपत्रकाला जमेची व खर्चाची अशा दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंचा मेळ घालावा लागतो, हे आपण पाहिले. प्रस्तुत घटकात त्यापुढील प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे. जमेची बाजूच आकसू लागली, तर रस्ते, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, शाळा व दवाखाने यांचे नियोजन कसे करावे?

७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले. १ जून १९९३ पासून ही दुरुस्ती अमलात आली. बाराव्या अनुसूचीत १८ विषय नमूद करण्यात आले. त्यांत नगर नियोजन, रस्ते व पूल, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता यांसारख्या खर्चिक विषयांचा समावेश आहे. मात्र या १८ विषयांबरोबर करांची स्वतंत्र सूची देण्यात आली नाही. कोणते कर नागरी संस्थांनी आकारावेत, हे ठरविण्याचा अधिकार अनुच्छेद २४३-क्ष नुसार राज्य विधिमंडळाकडे राहिला. जबाबदारी स्थानिक आणि उत्पन्नाची किल्ली अन्यत्र, अशी ही रचना आहे. घटत्या महसुलाच्या काळात तिचे परिणाम अधिक ठळकपणे जाणवतात.

टंचाईच्या काळातील नियोजन म्हणजे सर्व कामांना सारखी कात्री लावणे, अशी एक समजूत आढळते. ती समजूत का अपुरी आहे आणि नियोजनाचा खरा अर्थ कोणता, हे या घटकात आपण क्रमाने पाहणार आहोत.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ उत्पन्न का घटते?

स्थानिक संस्थांच्या उत्पन्नाचे स्थूलमानाने तीन भाग पडतात : स्वतःचे कर व शुल्क, शासनाकडून मिळणारी अनुदाने आणि कर्जे. यांपैकी कर्ज हे खऱ्या अर्थाने उत्पन्न नव्हे, कारण ते परत करावयाचे असते. उर्वरित दोन भागांतील घटीची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) धोरणात्मक बदल : महाराष्ट्रातील जकातीचा इतिहास हे याचे उत्तम उदाहरण होय. जकात हा शहरात येणाऱ्या मालावरील कर असून तो रोजच्या रोज रोखीने जमा होत असे. व्यापार वाढला की जकात वाढे आणि तिचा दर ठरविण्यात स्थानिक संस्थेला काही वाव असे. नगरपालिका क्षेत्रातील जकात १९९९ मध्ये रद्द झाली व तिच्या जागी सहायक अनुदान आले. महानगरपालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीऐवजी स्थानिक संस्था कर लागू करण्यात आला. व्यापाऱ्यांच्या तीव्र विरोधानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्यांना त्यातून वगळण्यात आले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि स्थानिक संस्था कर तसेच मुंबईत तोपर्यंत टिकून असलेली जकात हे दोन्ही संपुष्टात आले.

या बदल्यात राज्याने २०१७ मध्येच स्थानिक संस्थांना नुकसानभरपाई देणारा कायदा केला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून भरपाईत दरवर्षी ८ टक्के वाढ देण्याचे सूत्र त्यात ठरले. जुलै २०१७ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेला मिळालेला पहिला मासिक हप्ता ६४७ कोटी रुपयांहून अधिक होता. येथे महसूल बुडाला असे म्हणता येणार नाही, परंतु त्याचे स्वरूप पालटले. स्वतः गोळा केलेल्या कराची जागा राज्याच्या तिजोरीतून येणाऱ्या हप्त्याने घेतली. ज्या शहराची लोकसंख्या व व्यापार ८ टक्क्यांपेक्षा वेगाने वाढतो, त्या शहराला वाढीतील आपला पूर्ण वाटा या मार्गाने मिळत नाही.

(ब) आर्थिक मंदी : बांधकाम परवानगीपोटी मिळणारे विकास शुल्क व अधिमूल्य, तसेच मालमत्ता हस्तांतरणावरील मुद्रांक शुल्काचा अधिभार ही उत्पन्ने बाजाराच्या चढउतारावर अवलंबून असतात. घरांची विक्री मंदावली की ती तत्काळ घटतात. तेजीच्या वर्षात अशा उत्पन्नाच्या भरवशावर कायमस्वरूपी खर्च वाढविणे धोक्याचे असते.

(क) आकस्मिक संकट : करोना साथीच्या काळात महसूल कोसळल्यावर राज्य शासनाने ४ मे २०२० रोजी निर्णय काढून विकासकामांवरील खर्च अर्थसंकल्पीय तरतुदीच्या ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला व नवीन कामे सुरू करण्यास मनाई केली. आरोग्य, मदत व पुनर्वसन यांसारख्या विषयांना प्राधान्य देण्यात आले. राज्याने हात आखडता घेतला की त्याच्या अनुदानावर चालणारी जिल्ह्याजिल्ह्यांतील कामेही थांबतात, हे त्या वर्षी दिसून आले.

(ड) स्थानिक अनास्था : ही घट बाहेरून येत नाही. महाराष्ट्रातील नगरपरिषदांनी दर चार वर्षांनी मालमत्तांचे फेरमूल्यांकन करावयाचे असते. ते लांबणीवर पडले की नवीन इमारती व वाढीव बांधकामे करकक्षेबाहेर राहतात. पाणीपट्टीचा दर वर्षानुवर्षे बदलला जात नाही, मात्र पाणी उपसण्याचे वीजबिल दरवर्षी वाढते. कधी करसवलत लोकप्रिय निर्णय म्हणूनही दिली जाते. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना मालमत्ता कर माफ करण्यात आला. अशा सवलतीमागे सामाजिक हेतू असू शकतो. तथापि सवलत देताना तिच्यामुळे येणारी तूट कोठून भरून काढणार, हेही त्याच ठरावात स्पष्ट होणे नियोजनाच्या दृष्टीने आवश्यक असते.

७.२.२ घटीचा भार कोणावर पडतो?

हा या घटकातील मध्यवर्ती मुद्दा आहे. तो समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

एका नगरपरिषदेचे वार्षिक उत्पन्न ४० कोटी रुपये आहे असे समजा. तिचा खर्च असा आहे :
• वेतन व निवृत्तिवेतन : २० कोटी
• वीजबिल, पाणी खरेदी, कचरा वाहतूक इत्यादी : ८ कोटी
• कर्जाचे हप्ते : २ कोटी
• देखभाल व दुरुस्ती : ४ कोटी
• नवीन भांडवली कामे : ६ कोटी

आता उत्पन्न १० टक्क्यांनी घटून ३६ कोटींवर आले. वेतन थांबविता येत नाही. वीजबिल थकले तर पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडतील. कर्जाचा हप्ता चुकला तर दंडव्याज लागेल. हा ३० कोटींचा खर्च 'बांधील खर्च' होय. तो वजा करता केवळ ६ कोटी उरतात. पूर्वी देखभाल व भांडवली कामे यांसाठी मिळून १० कोटी होते, ते आता ६ कोटी झाले. म्हणजे उत्पन्नात १० टक्के घट झाली असताना विकासाच्या निधीत ४० टक्के घट झाली. देखभालीचे ४ कोटी कायम ठेवायचे ठरविले, तर नवीन कामांसाठी केवळ २ कोटी उरतात. ही घट दोनतृतीयांश आहे.

बांधील खर्चाचे प्रमाण जितके अधिक, तितका हा परिणाम तीव्र होतो. म्हणूनच एखाद्या संस्थेची आर्थिक प्रकृती जाणून घेताना केवळ एकूण अंदाजपत्रकाचा आकडा पाहू नये. बांधील खर्च वजा जाता हाती काय उरते, ते पाहावे.

व्यवहारात पहिला घाव देखभालीवर पडतो. नवीन कामाचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते. नाल्याची साफसफाई किंवा झडपांची दुरुस्ती कोणाच्या नजरेत भरत नाही. देखभाल एक वर्ष टळली तर लगेच काही बिघडल्याचे दिसतही नाही. परंतु वेळेवर डांबराचा नवा थर न मिळालेला रस्ता खडीपर्यंत उखडला की तो मुळापासून बांधावा लागतो. गळती न काढलेल्या जलवाहिनीतून शुद्ध केलेले, वीज खर्चून उपसलेले पाणी वाया जाते. टाळलेली देखभाल ही बचत नसून पुढील वर्षांवर ढकललेला वाढीव खर्च असतो.

देखभालीकडील दुर्लक्ष केवळ गरीब संस्थांतच आढळते असे नाही. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील महापालिकेचा पादचारी पूल कोसळून प्राणहानी झाली. देशातील सर्वांत संपन्न महानगरपालिकेकडे निधीची चणचण नव्हती. प्रश्न पुलाच्या तपासणीच्या दर्जाचा होता. पैसा असूनही असे घडू शकते, तर पैसा नसलेल्या संस्थेने तपासणी व दुरुस्तीची तरतूद कापताना किती सावध असावे, हे यावरून ध्यानात येईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(१) बाराव्या अनुसूचीत किती विषयांचा समावेश आहे?
(२) वरील उदाहरणातील नगरपरिषदेचे उत्पन्न १० टक्क्यांऐवजी १५ टक्क्यांनी घटले, तर देखभाल व भांडवली कामांसाठी मिळून किती निधी उरेल? ही घट किती टक्के असेल?
(३) महाराष्ट्रात नगरपरिषदांनी किती वर्षांनी मालमत्तांचे फेरमूल्यांकन करणे अपेक्षित आहे?

७.२.३ अपूर्ण कामांचे दायित्व

मंजूर झालेल्या व सुरू असलेल्या कामांपोटी भविष्यात द्यावी लागणारी रक्कम म्हणजे 'दायित्व'. अंदाजपत्रकात एखाद्या कामासाठी थोडीशी तरतूद करून ते सुरू करावयाचे व उर्वरित रक्कम पुढील वर्षांवर सोडावयाची, ही पद्धत सर्रास आढळते. २ कोटींच्या रस्त्यासाठी २० लाखांची तरतूद झाली की अंदाजपत्रकात २० लाखच दिसतात. उरलेले १ कोटी ८० लाख मात्र संस्थेच्या डोक्यावर बसतात.

आपल्या उदाहरणातील नगरपरिषदेवर १५ कोटींचे दायित्व आहे असे समजा. भांडवली कामांसाठी वर्षाला ६ कोटी उपलब्ध होते, तेव्हा एकही नवीन काम न घेता ते फेडण्यास अडीच वर्षे लागली असती. आता २ कोटीच उपलब्ध असल्याने साडेसात वर्षे लागतील. दरम्यान सिमेंट, पोलाद व मजुरी यांचे दर वाढतील आणि कंत्राटदार भाववाढीची मागणी करील. देयके थकल्यामुळे चांगले कंत्राटदार पुढील निविदा भरणार नाहीत आणि जे भरतील ते उशिरा मिळणाऱ्या पैशाचे व्याज आधीच दरात धरतील. अशा रीतीने अपूर्ण काम प्रतिवर्षी महाग होत जाते, आणि नागरिकांना त्याचा उपयोग मात्र शून्य असतो.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. नवीन कामास मान्यता देताना केवळ चालू वर्षाची तरतूद पाहू नये. एकूण दायित्व हे वार्षिक भांडवली निधीच्या किती पट झाले आहे, ते पाहावे. उत्पन्न घटू लागताच हे प्रमाण आपोआप वाढते, हे वरील आकड्यांवरून तुमच्या लक्षात आले असेलच.

७.२.४ कामांचा अग्रक्रम

टंचाईच्या काळातील सर्वांत सोपा निर्णय म्हणजे सर्व कामांना सारखी कात्री. तो दिसायला न्याय्य असतो व त्यामुळे कोणताही सदस्य नाराज होत नाही. परंतु दहा कामांना प्रत्येकी साठ टक्के निधी दिला तर एकही काम पूर्ण होत नाही. त्याच निधीत सहा कामे पूर्ण होऊ शकली असती. म्हणून अग्रक्रम ठरविण्यावाचून गत्यंतर नसते.

प्रथम सर्व कामांची यादी चार गटांत विभागावी : पूर्ण झालेली परंतु देयके बाकी असलेली, प्रगतिपथावरील, कार्यादेश दिलेली परंतु प्रत्यक्ष सुरू न झालेली, आणि केवळ प्रशासकीय मान्यता मिळालेली. पहिल्या गटाची रक्कम हे देणे असल्याने ती आधी बाजूला काढावी लागते. त्यानंतरचा क्रम सामान्यतः असा सुचविता येईल :

(१) जीवित व आरोग्य यांच्याशी निगडित कामे. धोकादायक पूल, शाळेचे मोडकळीस आलेले छत, जलशुद्धीकरण.
(२) अस्तित्वातील सुविधांची देखभाल.
(३) पूर्णत्वाच्या जवळ पोहोचलेली व पूर्ण होताच उपयोगात येणारी कामे.
(४) बाह्य निधी मिळणारी व विहित मुदतीत पूर्ण न केल्यास तो निधी परत जाणारी कामे.
(५) उत्पन्न वाढविणारी किंवा खर्च वाचविणारी कामे. उदाहरणार्थ, गळती शोधणे, जुने पंप बदलणे, मालमत्तांचे सर्वेक्षण.
(६) अन्य नवीन कामे. सुशोभीकरण, प्रवेशद्वारे, कारंजी यांचा क्रम शेवटी लागतो.

हा क्रम यांत्रिकपणे लावू नये. ज्या वस्तीत अद्याप नळच पोहोचलेला नाही, तेथील जलवाहिनी कागदोपत्री 'नवीन काम' ठरते, तर सुस्थितीतील वसाहतीतील दुसरा रस्ता 'देखभाल' ठरतो. केवळ देखभालीला प्राधान्य दिले तर ज्यांना आधीच सुविधा मिळाल्या आहेत, त्यांनाच निधी मिळत राहील. मूलभूत सुविधेपासून वंचित असलेल्या वस्तीचे काम म्हणूनच पहिल्या गटात धरणे न्याय्य ठरते. कात्री कोणत्या प्रभागावर चालली, हे पाहिल्याशिवाय अग्रक्रमाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

७.२.५ टप्पे आणि संपूर्ण आयुष्यमानाचा खर्च

मोठा प्रकल्प रद्द करता येत नाही आणि एकदम पूर्णही करता येत नाही, अशा वेळी त्याचे टप्पे पाडावे लागतात. येथे टप्पा म्हणजे केवळ खर्चाचा हप्ता नव्हे. प्रत्येक टप्पा पूर्ण होताच नागरिकांच्या उपयोगी पडला पाहिजे.

पाणीपुरवठा योजनेचे उदाहरण घेऊ. उद्भव, मुख्य जलवाहिनी, जलशुद्धीकरण केंद्र, जलकुंभ आणि वितरण वाहिन्या असे तिचे भाग असतात. पहिल्या वर्षी शहरातील सर्व जलकुंभ बांधले आणि वितरण वाहिन्यांसाठी पैसा उरला नाही, तर ते जलकुंभ कोरडेच उभे राहतील. त्याऐवजी शहराचे विभाग पाडून एका विभागाचा जलकुंभ व त्याच्या वितरण वाहिन्या एकत्र पूर्ण केल्या, तर त्या विभागाला पाणी मिळेल व पाणीपट्टीही सुरू होईल. सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले परंतु घरांची जोडणी झालेली नाही, या प्रकारातही हाच दोष असतो. उपयोगाचा टप्पा व खर्चाचा टप्पा यांतील हा फरक तुम्ही नीट ध्यानात ठेवावा.

दुसरी बाब आयुष्यमानाच्या खर्चाची. नाट्यगृह, जलतरण तलाव किंवा रुग्णालय बांधण्याचा खर्च एकदाच होतो. तेथील वेतन, वीज व देखभाल यांचा खर्च दरवर्षी होतो. बांधकामासाठी अनुदान मिळाले, तरी चालविण्याचा खर्च बहुधा स्थानिक संस्थेलाच सोसावा लागतो. म्हणजे 'फुकट' मिळालेला प्रकल्पही बांधील खर्चात भर घालतो. बांधील खर्च वाढल्याने पुढील घटीचा फटका किती अधिक बसतो, हे ७.२.२ मध्ये आपण पाहिलेच आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(१) 'दायित्व' म्हणजे काय?
(२) सर्व कामांना सारखी कात्री लावण्यात कोणता दोष आहे?
(३) उपयोगाचा टप्पा म्हणजे काय?

७.२.६ निधीचे पर्याय

(अ) कर्ज व कर्जरोखे : दीर्घकाळ टिकणाऱ्या सुविधेसाठी कर्ज काढणे तत्त्वतः योग्य असते, कारण तिचा लाभ पुढील पिढीलाही मिळतो. मात्र परतफेडीचा काळ सुविधेच्या आयुष्यापेक्षा अधिक नसावा आणि परतफेडीचा स्रोत आधीच निश्चित असावा. महसुली तूट भागविण्यासाठी कर्ज काढणे सर्वस्वी वर्ज्य मानावे.

या संदर्भात अहमदाबादचा अनुभव उद्बोधक आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी अहमदाबाद महानगरपालिका तोट्यात होती. तिने प्रथम जकात व मालमत्ता कर यांच्या वसुलीत सुधारणा केली, हिशेब नीट केले आणि पतमानांकन करून घेतले. त्यानंतर १९९८ मध्ये तिने राज्य शासनाच्या हमीशिवाय १०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. भारतातील नागरी संस्थेने हमीविना काढलेले ते पहिले कर्जरोखे होत. महाराष्ट्रात पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजदराने २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. कर्जाचा पैसा हाती आला की व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. म्हणून भूसंपादन, परवानग्या व निविदा प्रक्रिया पूर्ण होण्याच्या सुमारासच कर्ज उचलणे हितावह असते.

याउलट अनुभव जळगावचा आहे. तेथील तत्कालीन नगरपालिकेने घरकुल व अन्य योजनांसाठी हुडकोकडून घेतलेल्या कर्जाची परतफेड थकली. व्याजासह वाढत गेलेल्या या ओझ्याने पुढे महानगरपालिका झाल्यावरही शहराच्या दैनंदिन सुविधांसाठीचा निधी दीर्घकाळ अडवून ठेवला. अहमदाबादने आधी उत्पन्न सावरले व मग कर्ज घेतले. हा क्रम उलटा झाला की कर्जच घटत्या महसुलाचे कारण बनते.

(ब) शासकीय योजना व स्वहिस्सा : केंद्र व राज्य यांच्या योजनांत स्थानिक संस्थेला काही वाटा उचलावा लागतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या लहान व मध्यम शहरांच्या पायाभूत सुविधा योजनेत केंद्र, राज्य व स्थानिक संस्था यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे ८०:१०:१० होते. दहा टक्के ही रक्कम लहान वाटते. परंतु १०० कोटींच्या योजनेत ती १० कोटी होते, आणि आपल्या उदाहरणातील नगरपरिषदेला घटीनंतर तेवढी रक्कम साठविण्यास पाच वर्षांचा संपूर्ण भांडवली निधी लागेल. स्वहिस्सा न भरल्याने पुढील हप्ते अडकतात. तेव्हा योजना स्वीकारण्यापूर्वी स्वहिस्सा व चालविण्याचा खर्च या दोहोंचे गणित मांडले पाहिजे.

ग्रामपंचायतींच्या बाबतीत अनुदानाच्या अटींचाही विचार करावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीत ग्रामीण संस्थांच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांच्याशी बांधून दिली. त्यामुळे मूलभूत सुविधांना संरक्षण मिळाले, परंतु स्थानिक निवडीचे क्षेत्र संकुचित झाले.

(क) मंदीत कामे वाढवावीत काय? मंदीच्या काळात सार्वजनिक कामे वाढवून रोजगार निर्माण करावा, असे अर्थशास्त्रात सांगितले जाते. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात हे प्रत्यक्ष केले. त्यातून विकसित झालेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या योजनेसाठी व्यवसाय कर हा निश्चित स्रोत ठेवण्यात आला होता, हे विशेष. स्थानिक संस्था मात्र स्वबळावर असे करू शकत नाहीत. त्यांना तुटीचे अंदाजपत्रक मांडता येत नाही व कर्जासाठी शासनाची परवानगी लागते. उत्पन्न घटले की त्या खर्च कमी करतात आणि मंदीत भरच पडते. म्हणून अशा काळात स्थानिक कामांना आधार देणे हे राज्य व केंद्र यांचे कर्तव्य ठरते.

७.२.७ निर्णय कोणी घ्यावा?

तेजीच्या काळात निधीवाटपाविषयी फारसा वाद होत नाही, कारण प्रत्येकाला काही ना काही मिळते. टंचाईत मात्र कोणाला तरी 'नाही' म्हणावे लागते. हा निर्णय बंद दाराआड झाला तर ज्यांचा आवाज मोठा, त्यांची कामे टिकतात. म्हणून दायित्वाची यादी, अग्रक्रमाचे निकष आणि वगळलेली कामे व ती वगळण्याची कारणे ही सर्व माहिती नागरिकांना उपलब्ध असावी.

पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू केली. पदपथ, दिवे, बसथांबे अशी लहान कामे यातून पुढे येतात. लोकांना लहान देखभालीची कामे किती महत्त्वाची वाटतात, हे अशा प्रक्रियेतून प्रशासनास कळते. याच्या उलट बाजूचाही विचार करा. मार्च २०२२ पासून मुंबईसह अनेक महानगरपालिकांचा कारभार निवडणुका न झाल्याने दीर्घकाळ प्रशासकांकडे राहिला. प्रशासक कार्यक्षम असू शकतो, परंतु कोणत्या प्रभागातील काम थांबवायचे, याबद्दल त्याला मतदारांना उत्तर द्यावे लागत नाही. आर्थिक टंचाई व लोकप्रतिनिधींचा अभाव एकत्र आल्यास लेखापरीक्षण, माहितीचे प्रकटीकरण व क्षेत्रसभा यांचे महत्त्व अधिकच वाढते.

७.३ सारांश

स्थानिक संस्थांचे उत्पन्न धोरणात्मक बदल, मंदी, आकस्मिक संकट व स्थानिक अनास्था या कारणांनी घटते. बांधील खर्च कमी होत नसल्याने घटीचा भार देखभाल व भांडवली कामांवर अनेक पटींनी पडतो. अपूर्ण कामांचे दायित्व हे टंचाई वाढविणारे प्रमुख कारण होय. सर्व कामांना सारखी कात्री लावण्याऐवजी सुरक्षितता, वंचित वस्त्यांच्या मूलभूत गरजा, देखभाल व पूर्णत्वाजवळील कामे यांना अग्रक्रम द्यावा. प्रकल्पाचे टप्पे उपयोगाच्या दृष्टीने पाडावेत व चालविण्याचा खर्च आधी मोजावा. कर्ज घेण्यापूर्वी उत्पन्न सावरावे. कोणते काम थांबवावे, हा निर्णय उघडपणे व लोकांना उत्तरदायी राहून घेतला जावा.

७.४ पारिभाषिक शब्द

बांधील खर्च : वेतन, निवृत्तिवेतन, वीजबिल, कर्जाचे हप्ते यांसारखा टाळता न येणारा खर्च.
भांडवली खर्च : दीर्घकाळ टिकणारी मालमत्ता निर्माण करण्यासाठी केलेला खर्च.
दायित्व : मंजूर व सुरू असलेल्या कामांपोटी भविष्यात द्यावयाची रक्कम.
स्वहिस्सा : शासकीय योजनेत स्थानिक संस्थेने स्वतः भरावयाचा वाटा.
कर्जरोखे : ठरावीक व्याजाने व मुदतीने जनतेकडून अथवा वित्तसंस्थांकडून निधी उभारण्याचे साधन.
पतमानांकन : कर्जफेडीच्या क्षमतेचे त्रयस्थ संस्थेने केलेले मूल्यमापन.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १
(१) १८.
(२) उत्पन्न ३४ कोटी होईल. ३० कोटींचा बांधील खर्च वजा जाता ४ कोटी उरतील. मूळ १० कोटींच्या तुलनेत ही घट ६० टक्के आहे. देखभाल कायम ठेवल्यास नवीन कामांसाठी काहीच उरणार नाही.
(३) चार वर्षांनी.

प्रश्न – २
(१) मंजूर झालेल्या व सुरू असलेल्या कामांपोटी भविष्यात द्यावी लागणारी रक्कम.
(२) निधी सर्वत्र विखुरला जाऊन एकही काम पूर्ण होत नाही, दायित्व कायम राहते व कामे महाग होतात.
(३) पूर्ण होताच नागरिकांच्या उपयोगी पडेल असा प्रकल्पाचा स्वयंपूर्ण भाग.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) जकात ते वस्तू व सेवा कर या प्रवासात महाराष्ट्रातील नागरी संस्थांच्या आर्थिक स्वायत्ततेवर झालेल्या परिणामांची चर्चा करा.
(२) 'टाळलेली देखभाल ही बचत नव्हे' हे विधान उदाहरणांसह स्पष्ट करा.
(३) अहमदाबाद व जळगाव यांच्या अनुभवांच्या आधारे स्थानिक संस्थांनी कर्ज घेताना घ्यावयाची दक्षता सांगा.
(४) टीपा लिहा : (अ) स्वहिस्सा (आ) कामांचा अग्रक्रम (इ) आयुष्यमानाचा खर्च.

७.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेचे लगतच्या तीन वर्षांचे अंदाजपत्रक मिळवा. त्यातील अंदाजित उत्पन्न व प्रत्यक्ष जमा यांतील तफावत नोंदवा. बांधील खर्चाचे एकूण उत्पन्नाशी प्रमाण काढा. त्यानंतर तुमच्या परिसरातील एक अपूर्ण काम निवडून ते केव्हा मंजूर झाले, त्यावर किती खर्च झाला, किती बाकी आहे व ते कशामुळे थांबले याची माहिती संबंधित कार्यालयातून घ्या. त्या कामाअभावी कोणाची गैरसोय होत आहे, हे तेथील रहिवाशांना विचारा. या सर्वांच्या आधारे पाच पानांचा अहवाल तयार करून आपल्या समंत्रकांना दाखवा.